पंचेचाळिशीत फ्रीस्टाइल सुधारताना: पन्नास मीटरनंतर दम का लागतो?

भाट्येकर (रत्नागिरी) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझे वय पंचेचाळीस असून मी रत्नागिरीजवळ राहतो. लहानपणी आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, त्यामुळे पाण्याची भीती कधीच वाटली नाही. डोके पाण्याबाहेर ठेवून, हातपाय जमतील तसे मारत मी विहिरीत किंवा खाडीच्या संथ पाण्यात बराच वेळ राहू शकतो. अलीकडे तलावावर नियमित जाऊ लागलो आहे आणि फ्रीस्टाइल शास्त्रशुद्ध यावे अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की, पंचवीस मीटरच्या तलावात दोन फेऱ्या झाल्या की मला एवढा दम लागतो की कठडा धरून उभे राहावे लागते. रोज सकाळी मी सड्यावर चढउताराच्या वाटेने तासभर चालतो आणि त्यात मला विशेष दम लागत नाही. म्हणजे दमसास अगदीच कमी आहे असे म्हणता येत नाही. शेजारच्या मार्गिकेत साठी ओलांडलेले एक गृहस्थ घाई न करता अर्धा तास सलग पोहतात, आणि त्यांचे हात माझ्यापेक्षा निम्म्या वेगाने फिरत असूनही ते माझ्यापुढे जातात.

पाहणारे सांगतात की माझी कंबर आणि पाय खोल जातात. श्वासासाठी उजवीकडे वळलो की पुढे नेलेला डावा हात खाली दबतो आणि तेवढ्यात गती मोडते. एका मित्राने पाय अधिक जोरात मारण्याचा सल्ला दिला. तसे केल्यावर दम आणखी लवकर लागू लागला. किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून नुसते पाय मारले तर मी जवळजवळ जागच्या जागी राहतो. याउलट मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरला की तीच फेरी सहज होते. याचा अर्थ काय घ्यावा? शिवाय उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला हल्ली थोडे दुखते.

समुद्रात सलग एक किलोमीटर व्यवस्थित पोहावे, आणि जमल्यास मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत पुढेमागे उतरावे, असे माझे उद्दिष्ट आहे. सुरुवात कशापासून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

मालवण बंदर यांचे उत्तर

नमस्कार भाट्येकर. मी अनेक वर्षे मुलांना आणि मोठ्यांना पोहणे शिकवत आलो आहे आणि तुम्ही जे वर्णन केले आहे ते विहिरीत किंवा खाडीत शिकलेल्या, पाण्याला न घाबरणाऱ्या प्रौढांमध्ये मी फार वेळा पाहिले आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच निरीक्षणात आहे. पुल बॉय धरल्यावर तुमची ताकद वाढत नाही आणि फुप्फुसेही मोठी होत नाहीत. फक्त कंबर आणि पाय वर येतात. तेवढ्याने जर फेरी सहज होत असेल, तर तुमचा दम पाण्याचा अडथळा खातो आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते आणि त्याचा अडथळा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे गती दुप्पट करायची तर अडथळा चौपट होतो. तिरके झालेले, पाय खाली लोंबणारे शरीर तर पाण्यापुढे कितीतरी मोठा पृष्ठभाग धरते. अशा स्थितीत हातपाय जोरात मारून गती वाढवण्याचा प्रयत्न केला, तर बहुतेक श्रम पाणी ढवळण्यात जातात. तुमच्या शेजारच्या गृहस्थांची ताकद तुमच्यापेक्षा जास्त असेल असे मला वाटत नाही. ते पाण्याला कमी अडतात, एवढेच.

पाय का बुडतात, हे नीट समजून घेतले तर पुढचे बरेच सोपे होईल. फुप्फुसांत हवा असल्यामुळे शरीराला वर उचलणारा जोर छातीपाशी असतो, तर शरीराचा भार कमरेच्या जवळ एकवटलेला असतो. त्यामुळे पाण्यावर पालथे पडलेले शरीर छातीखाली टेकू दिलेल्या फळीसारखे वागते: पुढचे टोक, म्हणजे डोके, वर उचलले की मागचे टोक खाली जाते. विहिरीत डोके वर ठेवणे योग्यच होते, कारण तिथे आजूबाजूला पाहायचे असते, वरून कोणी उडी मारतो आहे का याकडे लक्ष ठेवायचे असते आणि लांबवर जायचे नसते. फ्रीस्टाइलमध्ये मात्र तीच सवय कंबर बुडवते. डोके पाण्यात सैल सोडा, मानेचा मागचा भाग लांब ठेवा आणि नजर तळाकडे, फार तर किंचित पुढे असू द्या. छातीचा भार हलकेच पाण्यावर टेकला की कंबर आपोआप वर आल्याचे जाणवेल. हे पोहताना शिकू नका. भिंतीला पाय लावून ढकलून द्या, दोन्ही हात कानांना लावून पुढे ताणा, आणि काहीही न करता शरीर थांबेपर्यंत वाहू द्या. डोके थोडे वर, थोडे खाली असे बदलून पाहिले की कोणत्या स्थितीत आपण सर्वांत लांब जातो, हे शरीराला स्वतःच कळते.

आता श्वासाबद्दल, कारण माझ्या मते तुमची निम्म्याहून अधिक अडचण इथे आहे. सड्यावर चालताना तुम्ही हवा तेव्हा श्वास घेता आणि सोडता. पाण्यात बहुतेक प्रौढ चेहरा बुडाला की श्वास कोंडून धरतात आणि तोंड बाहेर आल्यावर आधी सोडतात, मग घेतात. ही दोन्ही कामे अर्ध्या-पाऊण सेकंदात होत नाहीत. परिणामी छातीत वापरलेली हवा साठत जाते. गुदमरल्याची जी भावना येते ती प्रामुख्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे येते, प्राणवायू संपल्यामुळे नव्हे. म्हणून आणखी मोठा श्वास घेण्याचा प्रयत्न केल्याने ती जात नाही. उपाय श्वास सोडण्यात आहे. चेहरा पाण्यात गेल्या क्षणापासून नाकातोंडाने हळूहळू, अखंड बुडबुडे सोडत राहा आणि तोंड बाहेर येण्याच्या जरा आधी उरलेली हवा जोराने काढून टाका. मग बाहेर आल्यावर फक्त घेण्याचे काम उरते आणि त्याला क्षणभर पुरतो.

यासाठी मी प्रत्येकाला आधी छातीभर पाण्यात उभे करतो. कठडा धरून डोके पाण्यात घालावे, गुणगुणल्यासारखा आवाज काढत श्वास सोडावा, डोके बाजूला वळवून श्वास घ्यावा आणि पुन्हा पाण्यात जावे. ओळीने वीस-पंचवीस वेळा हे शांतपणे जमले नाही, तर पोहताना ते जमण्याची शक्यता नाही. मोठ्या माणसांना हा सराव बालिश वाटतो आणि ते तो टाळतात. पण ज्यांनी तो मनापासून केला त्यांची फ्रीस्टाइल बदललेली मी पाहिली आहे.

श्वासासाठी डोके उचलायचे नाही, वळवायचे आहे, आणि तेही एकट्या मानेने नाही. प्रत्येक हाताबरोबर खांदे आणि कंबर एकत्र कुशीवर वळतात. त्या वळणाबरोबर डोके थोडे जास्त वळले की तोंड बाहेर येते. एक गॉगल पाण्यात आणि एक बाहेर, एवढेच वळणे पुरेसे असते. पुढे सरकणाऱ्या डोक्यामुळे त्याच्या बाजूला पाण्यात लहानशी खोलगट जागा तयार होते आणि तोंड तिथे असेल तर हवा पाण्याच्या पातळीच्याही किंचित खाली मिळते. तुमचा डावा हात दबतो, कारण तुम्ही डोके वर उचलण्यासाठी त्या हाताने पाणी खाली दाबत आहात. डोके उचलणे थांबले की हाताला आधार देण्याचे काम उरणार नाही आणि तो पुढे लांब राहील.

हे बसवण्यासाठी कुशीवरचा सराव करा. एक हात पुढे ताणलेला, दुसरा मांडीला लावलेला, शरीर कुशीवर, चेहरा तळाकडे, आणि हलक्या पायांनी पुढे जाणे. श्वास हवा असेल तेव्हा डोके वर न उचलता आकाशाकडे वळवा आणि पुन्हा खाली आणा. तो स्थिर झाला की सहा लाथा एका कुशीवर, मग एक हात मारून सहा लाथा दुसऱ्या कुशीवर, असा बदल सुरू करा. पहिले काही आठवडे लांब अंतराचा आग्रह धरू नका. पंचवीस मीटर नीट पोहा, श्वास पूर्ण शांत होईपर्यंत थांबा आणि पुन्हा निघा. दमलेल्या शरीराने केलेली प्रत्येक फेरी जुनीच सवय पक्की करते.

चिपळूणहून फिजिओ यांचे उत्तर

मालवण बंदर यांनी पायाभूत गोष्ट सांगितली आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः पोहते, म्हणून घोटे आणि खांदा या दोनच गोष्टींविषयी लिहिते.

किकबोर्डवर तुम्ही जागच्या जागी राहता, याचे कारण बहुधा घोट्यांमध्ये आहे. चालणाऱ्या आणि धावणाऱ्या प्रौढांचे घोटे ताठ झालेले असतात; पाऊल मागे लांब होण्याऐवजी काटकोनात अडकलेले राहते आणि पाणी मागे ढकलण्याऐवजी ओढून धरते. काही जण तर किकबोर्डवर उलटे मागे जाताना मी पाहिले आहेत. गुडघे टेकून, पावले मागे पालथी ठेवून, हळूहळू टाचांवर बसण्याचा ताण रोज थोडा वेळ दिला तर काही महिन्यांत फरक पडतो. गुडघे दुखत असतील तर हा ताण टाळावा आणि खुर्चीवर बसून हाताने पाऊल खाली वाकवावे. पाय गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे मारू नयेत. हालचाल नितंबापासून सुरू व्हावी, गुडघा सैल असावा आणि पाऊल लहानशा पट्ट्यातच वरखाली व्हावे.

जोरात पाय मारण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचे मुख्य काम हात करतात, आणि मांड्यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे असल्यामुळे ते प्राणवायू भरपूर खर्च करतात. छोट्या शर्यतीत एका पूर्ण हातचक्राला सहा लाथा मारल्या जातात, पण लांब अंतराला अनेक उत्तम जलतरणपटू दोनच मारतात. या संदर्भात मला नेहमी मुरलीकांत पेटकर आठवतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या सैनिकाने १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. ज्यांच्या पायांत जोर नाही अशा माणसांनाही शरीराचा तोल आणि हातांचे काम कुठवर नेऊ शकते, याचे इतके ठळक उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

खांद्याचे दुखणे मात्र अंगावर काढू नका. पुढच्या बाजूला दुखत असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, हात पाण्यात शिरताना डोक्यासमोर मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातो का? दुसरी, हात शिरताना आधी अंगठा खाली जातो का? पूर्वी असे शिकवले जात असे, पण त्यामुळे खांदा आतल्या बाजूला पिळला जातो आणि वर्षानुवर्षे तसे केल्यास तिथले स्नायुबंध घासले जातात. हात खांद्याच्या रेषेत पुढे, तळवा खाली आणि बोटांची टोके आधी अशा रीतीने पाण्यात जावा. तुम्ही फक्त उजवीकडे श्वास घेता. त्यामुळे एका बाजूचे वळण पूर्ण आणि दुसऱ्या बाजूचे अपुरे राहते, हेही एक कारण असू शकते. दुखणे पोहण्यानंतर रात्रीपर्यंत टिकत असेल किंवा हात वर नेताना अडत असेल, तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. चाळिशीनंतर समुद्रात लांब अंतराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने रक्तदाब आणि हृदयाची तपासणीही करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

वेंगुर्ल्याची शिक्षिका यांचे उत्तर

मी चाळिशीनंतरच फ्रीस्टाइल शिकले, त्यामुळे शिकणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहिते.

पुल बॉयचा उपयोग निदानासाठी झाला, आता तो काही दिवस बाजूला ठेवावा असे मला वाटते. तो कंबर उचलून देतो, त्यामुळे कंबर कशी उचलायची हे शरीर शिकत नाही. डोके आणि श्वास स्थिर झाल्यावर हातांच्या सरावासाठी तो पुन्हा घ्यावा.

हातांच्या कामाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, आणि माझ्या अनुभवात शरीर आडवे झाल्यावर खरी गती तिथूनच मिळते. आपल्याला वाटते की हात पाण्यातून ओढायचा आहे. प्रत्यक्षात हात पुढे जाऊन पाण्याला पकड घालतो आणि शरीर त्या पकडीवरून पुढे सरकते. ही पकड नुसत्या तळव्याने घातली तर फार थोडे पाणी हाती लागते. कोपर वर ठेवून कोपरापासून बोटांपर्यंतचा सगळा हात तळाकडे वळवला, म्हणजे तळवा आणि कोपराखालचा भाग दोन्ही मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, तर पकड मोठी होते. कोपर आधी खाली पडले की हात पाण्यातून निसटतो. हा फरक शब्दांनी समजत नाही, म्हणून मुठी मिटून पोहण्याचा सराव करावा. दोन फेऱ्या मुठी मिटून पोहल्यावर तळव्याचा आधार नसल्यामुळे कोपराखालच्या भागाने पाणी शोधावेच लागते, आणि नंतर मुठी उघडल्या की पाणी हाताला घट्ट लागल्याचे लगेच जाणवते. सुरुवातीला हात खाली दाबण्याचा मोह होतो. खाली दाबल्याने छाती वर उचलली जाते आणि पाय पुन्हा बुडतात. दाब मागेच हवा.

प्रगती मोजण्यासाठी घड्याळ एकटे पुरत नाही. एका फेरीत किती हात लागले ते मोजा. वेळ तीच राहून हात कमी झाले, तर पकड आणि तोल सुधारला. मात्र हात कमी करण्यासाठी मध्येच थांबून घसरत राहणे चुकीचे आहे, कारण त्यात गती पडते आणि ती पुन्हा मिळवायला जास्त श्रम लागतात. तलावावर परवानगी असेल तर ओळखीच्या माणसाला मोबाइलवर बाजूने आणि समोरून चित्रीकरण करायला सांगा. आपण काय करतो आहोत असे आपल्याला वाटते आणि प्रत्यक्षात काय होते, यांत किती अंतर असते ते एका चित्रफितीत कळते.

दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याविषयी फिजिओताईंच्या मुद्द्याला थोडी पुस्ती जोडते. तीन हातांनंतर एकदा, म्हणजे आलटूनपालटून डावीउजवीकडे, श्वास घ्यावा असे बरेच प्रशिक्षक सांगतात. सरावात हे उत्तमच आहे. पण तुम्हाला आधीच हवा कमी पडते आहे. अशा वेळी श्वास आणखी उशिरा घेण्याचे बंधन घातले तर तुम्ही पुन्हा घाबरेघुबरे व्हाल. म्हणून एक फेरी फक्त उजवीकडे आणि परतीची फक्त डावीकडे, दर दोन हातांनी एक श्वास, असे करून पाहा. दोन्ही बाजू तयार होतात आणि हवाही पुरेशी मिळते. डावी बाजू सुरुवातीला अवघड जाईल, नाकातोंडात पाणी जाईल. तरीही ती सोडू नये. आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा तीनदा पाऊण तास पोहणे मोठ्या वयात कितीतरी अधिक उपयोगी पडते, कारण पाण्याची जाण चार-पाच दिवसांच्या खंडानेही कमी होते.

भाट्येकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कठड्याला धरून श्वास सोडण्याचा सराव सुरू केला आणि मी खरोखरच श्वास कोंडून धरत होतो हे पहिल्याच दिवशी लक्षात आले. चार फेऱ्या आता कठड्यावर न थांबता होऊ लागल्या आहेत, अर्थात अगदी संथ. खांदा फिजिओताईंच्या सूचनेप्रमाणे दाखवून घेतो आहे.

एक शंका उरते. तलावात नीट जमले तरी समुद्रात लाटा, खारे पाणी आणि ओढ यांत हे तंत्र कितपत टिकते? आणि समुद्रातला सराव नेमका कधी सुरू करावा?

मालवण बंदर यांचे उत्तर

चार फेऱ्या न थांबता झाल्या, हे वाचून फार आनंद झाला. संथ असणे हेच सध्या योग्य आहे.

समुद्रात एक गोष्ट तुमच्या बाजूने असते. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के दाट असते, त्यामुळे कंबर आणि पाय तलावापेक्षा सहज वर राहतात. पावसाळ्यात किंवा खाडीच्या मुखाशी, जिथे नदीचे पाणी मिसळते, तिथे हा फायदा कमी होतो. अडचणी दुसऱ्या आहेत. तळाशी रेषा नसते, म्हणून हात मध्यरेषा ओलांडत असेल तर तुम्ही तिरके जाल आणि किलोमीटरचे अंतर बरेच वाढेल. दिशा पाहण्यासाठी आठ-दहा हातांनंतर एकदा डोळे पाण्याच्या पातळीच्या जरा वर आणा, समोरचे झाड किंवा देवळाचा कळस पाहा, आणि श्वास मात्र नेहमीप्रमाणे बाजूलाच वळून घ्या. पाहणे आणि श्वास घेणे एकाच वेळी केले तर डोके फार वर येते आणि तुमची जुनी सवय परत येते.

शिक्षिकाताईंनी दोन्ही बाजूंची सवय करायला सांगितली, तिचे मोल समुद्रात कळेल. आपला बहुतेक किनारा दक्षिणोत्तर आहे. किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे पोहताना जमीन उजवीकडे असते आणि परतताना डावीकडे. किनारा दिसत राहणे मनालाही शांत ठेवते आणि आपण आत ओढले जात आहोत का, तेही कळते. लाटा पश्चिमेकडून येतात. त्या बाजूला तोंड उघडले की पाणी आत जाते. एकाच बाजूने श्वास घेणाऱ्याला जाताना किंवा येताना कधीतरी हा त्रास होतोच.

वेळ पहाटेनंतरची निवडावी. तेव्हा जमिनीकडून मतलई वारा असतो आणि किनाऱ्याजवळ पाणी सपाट राहते. दुपारी खारा वारा सुरू झाला की पाणी खवळते. मात्र मतलई वारा तुम्हाला हळूहळू आत ढकलत असतो, म्हणून किनाऱ्यापासूनचे अंतर सतत तपासावे. जून ते सप्टेंबर समुद्राचा विचारही करू नये. ते महिने तलावातल्या सरावासाठी द्यावेत. एकट्याने कधीच जाऊ नका. भडक रंगाची टोपी घाला, कमरेला फुगवलेला तरंगता बोया बांधा, आणि बरोबर शक्यतो होडी किंवा निदान किनाऱ्यावर लक्ष ठेवणारा माणूस असावा. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या पट्ट्याबाहेर पडा आणि मग किनाऱ्याकडे वळा. जेलीफिशचा स्पर्श झाला तर तिथे वाळू चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावे. धाप लागली किंवा सूज पसरू लागली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

देवगडचा होडीवाला यांचे उत्तर

पोहण्याच्या तंत्रावर बोलण्याचा अधिकार वरच्या मंडळींचा आहे. मी मासेमारी करणाऱ्या घरातला आहे, म्हणून पहिला दिवस कोणता धरावा एवढेच सांगतो.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. पाणी जास्त चढते आणि उतरताना खाडीच्या तोंडाशी आणि खडकांमधून त्याला मोठी ओढ लागते. त्या दिवसांत नवख्याने समुद्रात उतरू नये. अष्टमीच्या पुढचे दोन-तीन दिवस भांगाचे असतात, पाण्याची चढउतार कमी असते आणि ओढही मंद असते. आमच्याकडे भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती येते. त्या हिशेबाने नवमीला सकाळी पावणेसातच्या आणि दशमीला साडेसातच्या सुमारास भरती होते. म्हणजे पाणी भांगाचे, उजाडलेले, आणि मतलई वाराही मंद, असे तिन्ही योग त्या दोन दिवसांत जुळतात. हा अंदाजच आहे. निघण्यापूर्वी रत्नागिरीसाठीचे भरतीओहोटीचे वेळापत्रक अवश्य पाहावे.

भरती पूर्ण होण्याच्या अर्धा तास आधी पाण्यात उतरावे आणि ओहोटीला जोर येण्यापूर्वी बाहेर यावे. खाडीचे तोंड, जेटी आणि खडकांची रांग यांपासून लांब, वाळूचा सलग किनारा निवडावा आणि त्या भागातल्या मच्छीमारांना आधी विचारावे, कारण वाळूखालचे खड्डे आणि ओढीच्या जागा दर पावसाळ्यानंतर बदलतात. पाण्यात चालत जाताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत न्यावेत, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) पायाखाली येण्याआधी निघून जाते. पहिल्या दिवशी छातीभर पाण्याच्या पट्ट्यातच, कधीही उभे राहता येईल अशा खोलीवर, किनाऱ्याला समांतर दोनशे मीटर जाऊन परत यावे. पुढच्या भांगाला अंतर वाढवता येईल. तुम्ही देवगडच्या बाजूला येणार असाल तर दोन दिवस आधी इथे लिहा. होडी घेऊन मी बरोबर येईन.